मगदूम अण्णांची दुखलं-खुपलं वही

मगदूम अण्णांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या चेहऱ्याकडं बघितलंच नाही. दारात उभं राहून ते थेट माझ्या उजव्या हाताच्या बोटाकडं बघत होते. बोटावर मी रुमालाची चिंधी गुंडाळली होती.

"अक्का, ते काय झालंय?"

"काही नाही."

"काही न्हाय मंजे? रगात दिसतंय की!"

आमचं विद्यापीठ कोल्हापूर शहराबाहेर, कळंब्याच्या पुढं. मी तिथं आस्थापना विभागात वरिष्ठ लिपिक. भूपाल मगदूम नावाचे कुणी सुरक्षितता अधिकारी त्या दिवशी रुजू होणार हे मला माहीत होतं, कारण त्यांच्या नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं होतं. शिरोलीतल्या एका फौंड्रीत सगळी हयात घालवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळं कुणीतरी गळ्यात शिट्टी अडकवलेला, खेकसणारा इसम येईल अशी माझी समजूत होती. आले ते सडपातळ, टक्कल पडलेले, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. पायात तेवढे भलेजाड बूट. काखेत एक लांबडी वही.

"कशानं कापलं?"

"ड्रॉवरनं."

"ड्रॉवर का कापतोय?"

"त्याचा पत्रा निघालाय."

"का निघालाय?"

आता काय सांगायचं? मी म्हटलं, "अहो, तीन वर्षं झाली निघून. सगळ्यांना माहीत आहे. आम्ही जपून उघडतो."

"जपून उघडताय व्हय? मग ह्ये बोट कुणाचं?"

त्यांनी समोरची खुर्ची ओढली, वही उघडली आणि माझं नाव, जागा, बोट, पत्रा, सगळं सावकाश लिहून काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्याशा कापल्याची नोंद! शिपाई तोंडाला हात लावून हसत होता. तासाभरात अण्णा फिटरला घेऊन परत आले आणि तीन वर्षं सगळ्यांना चावलेला तो ड्रॉवर दहा मिनिटांत सरळ झाला. तेव्हा मला जास्तच लाज वाटली.

त्या वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'दुखलं-खुपलं'. अपघात कळवण्यासाठी विद्यापीठाचा रीतसर फॉर्म होता, चार पानी, इंग्रजी. तो भरता भरता माणूस बरा व्हायचा, म्हणून कुणी भरत नसे. अण्णांच्या वहीत पाचच रकाने होते. कुणाला लागलं, कुठं लागलं, काय लागलं, का लागलं आणि आता काय केलं. शेवटचा रकाना रिकामा असेपर्यंत ते नोंद पुरी मानत नसत. आठ दिवसांत रकाना भरला नाही तर ज्या साहेबांकडं ते काम अडलं असेल त्यांच्या केबिनबाहेर उभं राहून ती नोंद मोठ्यानं वाचत. फौंड्रीत भट्टीच्या आवाजावर बोलायची सवय लागलेला तो गळा, दोन मजले सहज ऐकू जायचा.

कोल्हापुरात राहून कोल्हापुरी चपलेशी वैर धरणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून ते येणाऱ्याचे पाय बघत. उघड्या बोटांवर ॲसिड सांडलं तर काय होतं हे पोरांना इतक्या प्रेमानं, इतकं बारकाईनं सांगत की पोरं माघारी जाऊन बूट घालून येत. पदवीदान समारंभाला खास नवी कोरी चप्पल घालून आलेल्या एका प्राध्यापकांना त्यांनी दारात अडवलं होतं. वाटेत प्रयोगशाळा लागते म्हणून!

पण चपलेहून अवघड होता तो आमचा तोरा. आमच्याकडं लागलेलं सांगायचं नसतं. हळद दाबायची, चिंधी बांधायची आणि "एवढ्यानं काय हुतंय" म्हणून कामाला लागायचं. आमच्या वर्कशॉपमधले शामराव तर जुने तालमीतले गडी. हाताला फोड आला की बाही खाली ओढून घेत. अण्णांनी एकदा त्यांची बाही वर केली, तर कोपरापर्यंत जुने-नवे डाग.

"शामराव, ह्यातलं एकबी माझ्या वहीत न्हाय."

"अण्णा, आमी काय बायकागत रडत बसू व्हय?"

"बायकांचं नाव घेऊ नगा. पयली नोंद बाईचीच हाय."

ती बाई म्हणजे मी. शामरावांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

रागावून काही होत नाही हे अण्णांना कळत होतं. त्यांनी फेट्याची युक्ती काढली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांना वाहनतळावर जमवायचं आणि ज्यानं कुणालाही लागायच्या आधी धोका दाखवून दिला, त्याला सगळ्यांसमोर फेटा बांधायचा, नारळ द्यायचा. हलगीवाल्यालासुद्धा बोलवायचे. "आज हुकलंय, उद्या बसंल," हे त्यांचं पालुपद. हुकलेलं ज्यानं पाहिलं आणि येऊन सांगितलं तो मोठा, असं त्यांचं गणित होतं. आणि कोल्हापूरचा माणूस फेट्यासाठी काय करणार नाही?

पहिला फेटा बसला हौसाबाईंच्या डोक्यावर. हौसाबाई रसायनशास्त्राच्या इमारतीत झाडलोट करायच्या, काचसामान विसळायच्या, ठेकेदाराकडून आलेल्या. त्यांनी येऊन सांगितलं होतं, "अण्णा, मागल्या जिन्याच्या दाराला कुलूप हाय. आग लागली तर पोरं जात्याल कुठनं?" ते कुलूप विभागप्रमुख डॉ. इनामदारांनी लावलं होतं, कारण पोरं प्रात्यक्षिक अर्धवट टाकून त्या जिन्यानं पसार होत. वहीत नोंद झाली, कुलूप निघालं. हौसाबाई भगवा फेटा बांधून दिवसभर झाडत होत्या आणि इनामदार सर आठवडाभर कुणाशी धड बोलत नव्हते. पुढच्या महिन्यात शामराव आपण होऊन बाही वर करून अण्णांपुढं उभे राहिले. ग्राइंडरची जाळी सैल झाल्याचं सांगायला आलो म्हणाले. फेटा स्वतःचा घेऊनच आले होते.

मग आली जोड. कुस्तीच्या मैदानात एकमेकांसमोर लावलेले दोन पैलवान म्हणजे जोड, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अण्णांनी तोच शब्द उचलला. इमारतीतल्या प्रत्येकाला एक जोड ठरवून दिली आणि यादी मजल्यामजल्यावर चिकटवली. पितळी घंटा वाजली की बाहेर पडायचं, इमारतीसमोरच्या चिंचेखाली जमायचं आणि आपली जोड आली का ते आधी बघायचं. विजेचा भोंगा वीज गेली की मुका होतो, म्हणून घंटा.

यादीत डॉ. इनामदारांची जोड होती हौसाबाई.

सर तरातरा आमच्या विभागात आले. अण्णा माझ्याच टेबलापाशी होते.

"मगदूम, ही काय थट्टा आहे? मी विभागप्रमुख आहे."

"व्हय सर."

"आणि माझी जोड झाडूवाली?"

"सर, तुमी दोघंबी दुसऱ्या मजल्यावर, एका टोकाला. मला तेवढंच दिसतंय. आणि त्यांचं नाव ना विद्यार्थ्यांच्या पटावर, ना तुमच्या मस्टरवर. ठेकेदाराची यादी ठेकेदाराच्या खिशात. त्या आत ऱ्हायल्या तर सांगणार कोण मला?"

सर आले तसे परत गेले, पण त्यांना पटलं नव्हतं. सरावाच्या दिवशी ते चिंचेखाली आले आणि हौसाबाईंकडं पाठ करून उभे राहिले. अण्णांनी ते पाहिलं आणि पुढची जोड मोजली.

हे सगळं रंगात आलं असताना मूल्यांकन समितीची तारीख लागली. समिती म्हणजे आमच्याकडं लग्नघर. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, आणि दर्शनी भागात नवंकोरं कारंजं. आमचे कुलसचिव मनानं वाईट नव्हते. भित्रे होते. त्यांनी अण्णांची वही मागवून घेतली, चाळली आणि त्यांना घाम फुटला.

"मगदूम, निम्मी वही भरली आहे! समितीला वाटेल इथं रोज हातपाय मोडतात. एक स्वच्छ वही करा. दोन-तीन किरकोळ नोंदी, बास. ही कपाटात ठेवा."

"जमायचं न्हाय साहेब."

"तुमच्या नेमणुकीची मुदत या महिनाअखेर संपते, हे लक्षात आहे ना?"

"हाय की. तरीबी न्हाय."

साहेबांनी मग मला बोलावलं. माझं अक्षर चांगलं. एक नवी वही पुढ्यात सरकवली. आणि मी, खोटं कशाला सांगू, निमूटपणे ती घेतली. साहेबांना नाही म्हणायची मला सवय नव्हती. दुपारी एक पान लिहून झालं तेव्हा अण्णा चहा घेऊन आले आणि माझ्या समोर बसले. वही झाकायला मी फाईल ओढली. त्यांना कळायचं ते कळलं. रागावतील असं वाटलं. त्यांनी कप माझ्याकडं सरकवला आणि आपल्या फौंड्रीतली गोष्ट काढली.

"आमच्या गेटावर एक फळा हुता, अक्का. अपघात न झालेले दिवस. रोज सकाळी मी खडूनं आकडा वाढवायचा. मला लई अभिमान. दत्तू म्हणून माझा जोडीदार, वाळूच्या मिक्सरवर. एक दिवस त्याची बाही मिक्सरात अडकली. नुसतं खरचटलं. मी म्हटलं, दत्तू, एवढ्यासाठी फळा पुसाय लावू नगो मला. त्यो हसला. गप बसला. आठवडा न्हाय झाला, त्याच मिक्सरात मनगटापास्नं हात गेला."

चहावर साय धरली होती.

"दवाखान्यात त्याच्या बायकोनं इचारलं, अण्णा, मशीन बिघडल्यालं तुमाला म्हाईत हुतं का? मी न्हाई म्हणून सांगितलं. त्या फळ्यापायी एक लपवलं, आणि लपवल्यालं लपवायला दुसरं खोटं बोललो. दत्तूनं मला माफ केलं. मी न्हाय केलं. आता कोरी वही दाखव म्हणत्यात. नोकरी गेली तर जाऊ दे, पण ही वही कोरी झाली तर मी पुन्यांदा त्याच गेटावर खडू घेऊन उभा ऱ्हायलो असं हुईल."

ते उठून गेले. मी लिहिलेलं पान फाडलं आणि साहेबांना चिठ्ठी पाठवली की मनगट दुखतंय, लिहिता येत नाही. तेवढंच धैर्य होतं माझ्यात.

समिती आली. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, बारीक चणीच्या, काठी टेकत चालणाऱ्या. अण्णांनी फाटकातच सगळ्या पाहुण्यांना जोड्या लावून दिल्या. बाईंची जोड आमचे कुलसचिव. साहेबांनी डोळे वटारले. बाई म्हणाल्या, "छान आहे की," आणि साहेबांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कारंजं थुईथुई उडत होतं.

साडेअकराच्या सुमाराला रसायनशास्त्राच्या इमारतीतली घंटा घणघणली. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, समितीला दाखवायला अण्णांनी सराव ठेवलाय. तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काळा धूर आला.

मागल्या जिन्याचं दार सताड उघडं होतं. त्यातनं पोरं उतरत होती, धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. सहा-सात वेळा कंटाळत केलेला सराव पायांनी लक्षात ठेवला होता. शामराव आणि वर्कशॉपमधले दोघे आग विझवायचे सिलिंडर घेऊन उलट दिशेनं वर धावले. चिंचेखाली एकच गलका, जो तो आपल्या जोडीचं नाव घेऊन हाका मारत होता. अण्णा मध्यभागी उभे. "जोड घावली त्यानं खाली बसा!" माणसं बसत गेली. बसता बसता सगळी बसली आणि एकच माणूस उभा राहिला.

डॉ. इनामदार.

"माझी जोड कुठाय?" सर ओरडले. त्यांचा आवाज चिरकला होता. "हौसाबाई कुठायत? मगदूम, माझी जोड आलेली नाही!"

सर स्वतःच जिन्याकडं पळत सुटले. अण्णांनी त्यांना कमरेला मिठी मारून अडवलं आणि वर बघून भट्टीवरचा तो आवाज काढला. "शामराव! हौसाबाई आत हाय! दुसरा मजला, काचसामानाची खोली!" वरून "व्हय" आला. नंतर काही नाही.

मग शामराव आले, तोंडाला ओलं फडकं, आणि खांद्यावर हौसाबाई. त्या आतल्या खोलीत दार लावून नळाखाली काचसामान विसळत होत्या. नळ एकाएकी आटला म्हणून त्याच्याशी खटपट करत बसल्या, बंद दाराआड घंटा ऐकू आली नाही आणि धूर खोलीत शिरल्यावर दार सापडेना झालं. चिंचेखाली त्यांना टेकवून बसवलं. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलेलं. इनामदार सर त्यांच्यापुढं जमिनीवर मांडी घालून बसले. हौसाबाईंना दम लागला होता तरी त्या बोलल्याच.

"सर, तुमी जोड सोडून आलासा न्हवं?"

सगळे हसले आणि सरांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले. शामरावांना तर पोरांनी खांद्यावर घेतलं. आग अग्निशमनची गाडी यायच्या आत विझली होती. एक टेबल जळालं, छत काळं झालं, एका विद्यार्थ्याचा हात थोडा पोळला. माणसं सगळी खाली, मोजून. मला माझ्या कचेरीचा कधी अभिमान वाटला असेल तर त्या क्षणी.

अध्यक्षबाईंनी अण्णांना विचारलं, "हे लिहिता का कुठं?" अण्णांनी काखेतली वही दिली. बाई दगडावर बसून ती वाचू लागल्या. कुलसचिव मागं उभे होते, चेहरा पांढराफटक. बाईंनी पानामागून पान उलटलं. ड्रॉवर, जाळी, कुलूप, घसरलेली फरशी. मग म्हणाल्या, "मगदूम, मला याची छायाप्रत द्या. आमच्याकडं अशी वही नाही. आमच्याकडं नुसतं लिहिलेलं आहे की काही घडत नाही."

त्यांनी असं म्हटल्यावर चिंचेखाली जी टाळी पडली ती अण्णांना आवडली नाही. "जखमींचं बघा आधी," ते म्हणाले.

अण्णा त्यानंतर दोन वर्षं राहिले. मुदत वाढवून देताना कुणी चकार शब्द काढला नाही. आता ते शिरोळकडं मुलाजवळ असतात. पण माझ्या डोळ्यांपुढं येतात ते त्याच दिवशीचे, संध्याकाळचे. समिती गेली होती. साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. सहीच्या कागदांचा गठ्ठा घेऊन मी आत होते, बाहेर जा असं मला कुणी म्हटलं नाही.

अण्णांनी तपास पुरा केला होता. प्रयोगशाळेत द्रावण उकळताना त्याची वाफ थंड करायला काचेच्या नळीभोवती सतत पाणी फिरवतात. ते पाणी आटलं, वाफ बाहेर पडली आणि पेटली. पाणी आटलं, कारण सगळा दाब कारंज्यानं ओढून घेतला. 'का लागलं' या रकान्यात त्यांनी तेवढंच लिहिलं होतं, कारंज्याची जोडणी प्रयोगशाळेच्या नळावरून.

साहेबांनी ते वाचलं. मग म्हणाले, "प्लंबर मला नको म्हणाला होता. दोनदा म्हणाला. मी त्याला गप्प बसवलं. मगदूम, इथं माझं नाव लिहा."

"न्हाय साहेब."

"मी सांगतोय. लिहा, कुलसचिवांच्या आदेशावरून."

"साहेब, वही पुढनं मागनं चाळा. ज्याला लागलं त्याचं नाव हाय. ज्याच्यामुळं लागलं त्याचं एकाचंबी न्हाय. आज तुमचं लिवलं तर उद्यापास्नं कोण येऊन खरं सांगंल मला?"

मी मनातल्या मनात वही चाळली. खरंच होतं. कुलपाच्या नोंदीत इनामदारांचं नाव नव्हतं. ग्राइंडर शामरावांच्या ताब्यातला, तरी त्या नोंदीत त्यांचं नव्हतं. इतके दिवस ती वही माझ्या टेबलावर यायची आणि मला हे दिसलं नव्हतं.

अण्णांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे ऱ्हायलंय. आता काय करायचं, तेवढं तुमी सांगा."

साहेबांनी स्वतःचं पेन काढलं. जी वही त्यांनी कपाटात टाकायला सांगितली होती तिच्यात खाली वाकून, शाळकरी मुलासारखं सावकाश लिहिलं, 'कारंजं आजपासून बंद. प्रयोगशाळेला स्वतंत्र पाणी, आठ दिवसांत.' आणि खाली सही केली. अण्णांनी वही घेतली, शाई वाळेपर्यंत उघडीच धरली.

"सूर्य बुडाला," बाहेर आल्यावर मी म्हटलं. अण्णा जैन, दिवस मावळल्यावर जेवत नसत. "तुमचं जेवण राहिलं."

"सकाळी जेवू की," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले. खिडकीतून मला ते आवारात दिसत होते. कारंज्यापाशी थांबले, खाली बसून त्याचा कॉक नीट बंद आहे का ते हातानं पिळून पाहिलं, आणि वही काखेत मारून फाटकाकडं चालू लागले.